तीन बिघडलेल्या सीपीयूंमधून चालू पीसी: पार्टची अदलाबदल नवीन माणसाने कशी करावी

घरात एक जुना पीसी पडलेला असतो, मावशीकडे दुसरा असतो, ऑफिसमधून कोणीतरी तिसरा आणून देतं, आणि मग वाटतं की याची रॅम त्यात, त्याची हार्डडिस्क यात असं केलं तर एक तरी चालू होईल की. होतो, बऱ्याचदा होतो. फक्त घाई नको. नवीन माणूस उत्साहात चार पार्ट एकदम बदलतो आणि पीसी चालू झाला तरी नक्की कशाने झाला ते कळत नाही, आणि नाही झाला तर आधीचा बिघाड कुठला आणि आपण केलेला कुठला हेही कळत नाही.

मी इथे माझ्याकडे गेल्या पावसाळ्यात आलेल्या तीन सीपीयूंचं उदाहरण धरून सांगतो (आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात, मीही तेच म्हणतोय, आतल्या चिपला प्रोसेसर म्हणेन). पहिला मावसभावाच्या डीटीपीच्या दुकानातला, जी३१ चिपसेटचा बोर्ड (बोर्ड म्हणजे मदरबोर्ड, चिपसेट म्हणजे त्यावरच्या मुख्य चिपा), कोअर टू ड्युओ प्रोसेसर, डीडीआर२ रॅम, विंडोज एक्सपी. हा चालू होता पण अधूनमधून हँग व्हायचा. तो टाकून देता येत नव्हता कारण त्याच्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं लॉक (जे लावल्याशिवाय ते चालतच नाही) मागच्या पॅरलल पोर्टला, म्हणजे जुन्या प्रिंटरच्या लांब पोर्टला, लागतं आणि ते एक्सपीवरच चालतं, गेल्या पंधरा वर्षांच्या लग्नपत्रिका आणि बिलबुकं सगळी त्यातच. दुसरा पण जी३१च, बोर्ड वेगळ्या कंपनीचा, पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही. तिसरा जरा नवीन, एच६१ बोर्ड, सेकंड जनरेशनचा आय३, डीडीआर३, चालू होतो आणि दहा मिनिटांत धाडकन बंद.

सगळ्यात आधी वही

स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी वही घ्या. प्रत्येक सीपीयूला नंबर द्या, मार्करने डब्यावर लिहा. मग झाकण उघडून मोबाइलवर फोटो काढा, वायरी कुठून कुठे जातात ते दिसेल असे, आणि समोरच्या बटणाच्या त्या बारीक वायरी जिथे बोर्डला लागतात तिथला फोटो जवळून काढा. पॉवर स्विच, रीसेट, हार्डडिस्कचा दिवा, पॉवरचा दिवा अशा त्या असतात, स्विचच्या दोन वायरी उलटसुलट लागल्या तरी चालतं, दिव्यांच्या उलट लागल्या तर दिवा पेटत नाही एवढंच. पण कुठली जोडी कुठल्या पिनांवर होती हे विसरलात तर अर्धा दिवस जातो.

वहीत प्रत्येक सीपीयूसाठी लिहा: बोर्डचं मॉडेल (ते बोर्डवरच छापलेलं असतं, बहुतेक स्लॉटच्या मधल्या जागेत), प्रोसेसर, रॅमचा प्रकार आणि किती जीबी, हार्डडिस्क साटा (बारीक केबलची) की आयडीई (जुनी, रुंद पट्टीच्या केबलची), एसएमपीएसचा (म्हणजे पीसीला वीज देणाऱ्या पत्र्याच्या डब्याचा) स्टिकर, आणि लक्षण काय. लक्षण नीट शब्दांत लिहायचं. "बंद आहे" असं नाही, "बटण दाबलं की पंखे फिरतात, बीप नाही, कीबोर्डचे दिवे लागत नाहीत" असं. यातच निम्मा शोध झालेला असतो.

वीज

भिंतीवरच्या स्विचबोर्डवरून मेन पिन काढा, नुसता स्विच बंद करू नका. मग पीसीचं पॉवर बटण पाच-सात सेकंद दाबून ठेवा म्हणजे उरलासुरला करंट निघून जातो. हात लावण्याआधी डब्याच्या न रंगवलेल्या पत्र्याला हात लावा, थंडीच्या कोरड्या दिवसांत तर नक्कीच, आणि लोकरीचं स्वेटर घालून हे काम करू नका.

एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही. आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या पुढे डीसी साठलेला असतो आणि पिन काढल्यावरही तो काही वेळ राहतो. पंखा आवाज करतोय, तेल घालतो, असं म्हणून भलेभले तो उघडतात, तुम्ही उघडू नका.

अजून एक, जुन्या घरांमध्ये आणि दुकानांमध्ये हे फार असतं: चालू पीसीच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात. तो पीसीचा दोष नसतो बहुतेक वेळा, अर्थिंगचा असतो. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे कॅपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात, अर्थिंग नसेल तर पत्र्यावर साधारण निम्मा, म्हणजे शंभर-सव्वाशे व्होल्टच्या आसपासचा दाब येतो. करंट अगदी थोडा असतो पण पेनड्राइव्ह, प्रिंटर लावता-काढताना पोर्ट जाऊ शकतात. वायरमनला बोलवून अर्थिंग करून घ्या, तोपर्यंत पार्ट बदलत बसू नका.

साफसफाईनेच किती तरी चालू होतात

रंगाचा कोरडा ब्रश, ब्लोअर असेल तर ब्लोअर, आणि एक साधं पांढरं खोडरबर. पंख्याला बोट लावून धरायचं आणि मग हवा मारायची, पंखा गरगर फिरू द्यायचा नाही. कोकणात किंवा मुंबईत पावसाळा काढलेल्या सीपीयूत स्लॉटच्या पिना काळपट झालेल्या असतात, झुरळं, पालीची अंडी, मुंग्यांची माती हे सगळं सापडतं, घाबरू नका.

रॅम काढायची, तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने घासायच्या, रबराचा चुरा ब्रशने झटकायचा, आणि परत बसवताना दोन्ही बाजूंच्या खटक्या आपोआप टक् करून लागतील इतकी दाबायची. हा उपाय आपल्याकडे प्रत्येक रिपेअरवाला पहिल्यांदा करतो आणि त्यात तथ्य आहे, कारण पट्टीवर बसलेल्या थरामुळे कॉन्टॅक्ट तुटतो. माझ्या पहिल्या सीपीयूचं, डीटीपीवाल्याचं, हँग होणं एवढ्यानेच थांबलं.

साफ करताना बोर्डवरचे उभे गोल कॅपॅसिटर बघा. त्यांचं डोकं सपाट पाहिजे. डोकं फुगलेलं, किंवा तपकिरी काहीतरी बाहेर आलेलं असेल तर तो बोर्ड संशयित म्हणून वहीत लिहा. साधारण २००० ते २००७ या काळातल्या बोर्डांत हा आजार खूप आहे, खराब इलेक्ट्रोलाइटचे कॅपॅसिटर त्या काळात अनेक कंपन्यांच्या बोर्डांवर लागले होते.

अदलाबदलीचा एकच नियम, तो पाळाच

संशयित पार्ट चांगल्या पीसीत लावून बघायचा की चांगला पार्ट संशयित पीसीत? नवीन माणसाला दोन्ही सारखंच वाटतं. सारखं नाही. संशयित रॅम किंवा हार्डडिस्क चांगल्या पीसीत लावली तर बहुतेक वेळा फार तर तो चालू होणार नाही, काढली की परत चालू. पण चांगला बोर्ड, चांगली हार्डडिस्क तुम्ही संशयित एसएमपीएसवर लावली आणि तो एसएमपीएस जास्त व्होल्ट देत असला तर चांगला पार्ट गेला कायमचा. मी पूर्वी असाच एक उत्तम बोर्ड घालवलाय. जुन्या एसएमपीएसची जांभळी वायर, म्हणजे पीसी बंद असतानाही चालू असणारी ५ व्होल्टची लाइन, साडेसहाच्या वर गेली होती आणि मी ती न मोजताच बोर्ड जोडला. तो बोर्ड एका शाळेच्या लॅबचा होता, त्याचं वाईट अजून वाटतं.

म्हणून क्रम असा: आधी एसएमपीएस मोजून घ्या, मग बाकीचं. एका वेळी एकच पार्ट बदला, चालू करून बघा, वहीत लिहा, मग दुसरा.

एसएमपीएस मोजणे

साधा डिजिटल मल्टीमीटर घ्या, तीन-चारशे रुपयांपासून मिळतो. मोजायचं पीसीत जोडलेल्या अवस्थेतच, कारण रिकामा एसएमपीएस बऱ्याचदा बरोबर व्होल्ट दाखवतो आणि लोड आला की पडतो. पण ज्याच्यावर दाट संशय आहे तो आधी बाहेर काढून मोजा: मेन पिन काढलेली असताना बोर्डला लागणाऱ्या २४ पिनच्या कनेक्टरमधली हिरवी वायर आणि कुठलीही एक काळी वायर वायरच्या तुकड्याने जोडायची, एखादा जुना सीडी ड्राइव्ह लोड म्हणून लावायचा, मग मेन चालू. एसएमपीएसचा पंखा फिरला म्हणजे तो निदान उठतोय. नुसता पंखा फिरला म्हणून चांगला आहे असं मात्र धरू नका.

मीटरची काळी तार काळ्या वायरीला. पिवळीवर १२ व्होल्ट पाहिजेत, ११.४ ते १२.६ चालतात. लालवर ५, म्हणजे ४.७५ ते ५.२५. नारिंगीवर ३.३, साधारण ३.१४ ते ३.४७. जांभळीवर ५, हिरवी न जोडताही. सगळ्याच वायरी काळ्या असतील तर नवीन माणसाने अंदाजाने जोडाजोडी करू नये, तो एसएमपीएस दुकानात टेस्टरवर लावून घ्यावा.

माझ्या दुसऱ्या सीपीयूत जोडलेल्या अवस्थेत पिवळीवर १०.८ आले. पंखे फिरायला तेवढे पुरतात, प्रोसेसरला पुरत नाहीत. पंखे फिरतात म्हणजे पॉवर ठीक आहे, मग मदरबोर्डच गेला असणार, असं म्हणून किती चांगले बोर्ड भंगारात जातात, विचार करून जीव तुटतो.

दुसऱ्या पीसीचा एसएमपीएस लावताना दोन गोष्टी. प्रोसेसरजवळचा चौकोनी ४ पिनचा १२ व्होल्टचा कनेक्टर लावायला विसरू नका, तो राहिला तर अगदी हेच लक्षण, पंखे फिरतात आणि डिस्प्ले नाही. आणि कंपनीचे ब्रँडेड पीसी असतील तर कनेक्टर मोजा: डेलच्या ऑप्टिप्लेक्स ३०२० आणि ७०२० मध्ये बोर्डला २४ नाही, ८ पिनचा कनेक्टर असतो, एचपी आणि लेनोवोच्याही बऱ्याच ऑफिसच्या मॉडेलमध्ये वेगळाच असतो. तिथे साधा एसएमपीएस थेट लागत नाही. ओढूनताणून बसवायचा प्रयत्न करू नका. वॅटच्या आकड्यावर पण जाऊ नका, स्वस्त एसएमपीएसवर ४५० वॅट मोठ्या अक्षरात असतं, तुम्ही स्टिकरवर १२ व्होल्टसमोर किती अँपियर लिहिलेत ते बघा आणि गुणाकार करा.

डिस्प्ले येत नसेल तर कमीत कमी सामानावर या

एसएमपीएस चांगला निघाला, तरी डिस्प्ले नाही. मग बोर्ड डब्यातून बाहेर काढा, कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवा. डब्यात असताना एखादा सुटलेला स्क्रू किंवा चुकीच्या जागी लागलेला पितळी नटबोल्ट बोर्डच्या मागून शॉर्ट करत असू शकतो, बाहेर काढलं की तो प्रश्न मिटतो. आता फक्त प्रोसेसर, त्याचा पंखा, एक रॅम, एसएमपीएस, आणि बीपचा छोटा स्पीकर. हार्डडिस्क नाही, सीडी नाही, ग्राफिक कार्ड नाही, मागचे यूएसबी सगळे काढा. मॉनिटरची वायर बोर्डच्याच पोर्टला. पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं की चालू होतो.

रॅम पण काढून चालू करा. बोर्ड आणि प्रोसेसर जिवंत असतील तर रॅम नाही म्हणून तो ओरडतो, लांब लांब बीप किंवा तसंच काही, आणि ते ओरडणं ही चांगली बातमी. बीपचे अर्थ बायोसच्या (बोर्डमधलाच, पीसी सुरू करणारा प्रोग्राम) कंपनीनुसार बदलतात, अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब दोन आखूड म्हणजे डिस्प्ले कार्डची तक्रार. काहीच बीप नाही तर बायोस क्लिअर करा: मेन पिन काढून बोर्डवरचा गोल सेल काढा, पाच-दहा मिनिटं थांबा, परत बसवा. तो सेल सीआर २०३२, ३ व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानातही मिळतो, रोज तारीख-वेळ मागे जात असेल तर तोच संपलाय.

माझ्या दुसऱ्या सीपीयूत एसएमपीएस बदलल्यावर एक लांब दोन आखूड बीप आले. त्यातलं जुनं ग्राफिक कार्ड गेलेलं होतं, ते काढलं, बोर्डच्या पोर्टला मॉनिटर लावला, डिस्प्ले आला. म्हणजे बिघाड दोन होते. नुसता एसएमपीएस बदलून "नाही झालं" म्हणत जुना परत लावला असता तर दोन्हीपैकी एकही सापडला नसता, म्हणून सांगतो की मोजून चांगला ठरलेला पार्ट तिथेच राहू द्या आणि पुढे चला.

रॅम: कुठली कुठे

डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्हींना २४० पिना, लांबी सारखी, पण मधली खाच वेगळ्या जागी. खाच जुळत नसेल तर दाबू नका. डीडीआर२ ला १.८ व्होल्ट, डीडीआर३ ला १.५, म्हणजे आतूनही वेगळ्या. डीडीआर४ ला २८८ पिना.

जी३१ बोर्ड एकूण ४ जीबीच घेतो, आणि ३२ बिटच्या एक्सपीला त्यातलेही सव्वातीनच्या आसपास दिसतात, तेव्हा तिथे जास्तीची हाव नको. जी४१ बोर्डाची एक खोड आहे: डीडीआर३ ची ४ जीबीची काडी (म्हणजे रॅमची एक पट्टी) दोन्ही बाजूंना मिळून १६ चिपा असलेली चालते, एकाच बाजूला ८ चिपा असलेली नवीन काडी बहुतेक वेळा चालत नाही, आणि माणूस काडी खराब समजून परत करतो. तसंच डीडीआर२ ची ४ जीबीची स्वस्त काडी मिळाली तर विचारून घ्या, त्यातल्या बऱ्याच फक्त एएमडी कंपनीच्या प्रोसेसरच्या बोर्डवर चालतात. एच६१ वर १६ जीबीपर्यंत जाता येतं.

रॅम बदलली की मेमटेस्ट८६प्लस हा रॅम तपासायचा प्रोग्राम पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर लावा. एकही लाल ओळ आली तरी ती काडी बाजूला. "एकच तर एरर आहे" असं म्हणायचं नाही, त्या एका एररने फायली खराब होतात आणि ते महिन्यांनी कळतं.

प्रोसेसर आणि पेस्ट

तिसरा सीपीयू दहा मिनिटांत बंद व्हायचा. बायोसमध्ये जाऊन तापमान बघितलं तर ते डोळ्यादेखत नव्वदीकडे चाललेलं. पंख्याची एक खुंटी सुटलेली आणि प्रोसेसर व पंख्याच्या मधली, उष्णता पुढे नेणारी पेस्ट वाळून खडूसारखी. इंटेलच्या त्या चार खुंट्या काढताना डोक्यावरच्या बाणाच्या दिशेने फिरवून वर ओढायच्या, बसवायच्या आधी उलट फिरवून जागेवर आणायच्या आणि मग समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या जोडीने दाबायच्या, टक् आवाज आला पाहिजे, बोर्डच्या मागून चारही टोकं बाहेर आलेली दिसली पाहिजेत. पेस्ट तांदळाच्या दोन दाण्यांएवढी, मधोमध. जास्त लावून थंड होत नाही.

एएमडीच्या जुन्या सॉकेटला (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा) पिना प्रोसेसरला असतात, तिथे पंखा सरळ वर ओढला तर वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी पीसी दहा मिनिटं चालवून गरम करा, बंद करून मेन पिन काढा, मग पंखा हळूच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. इंटेलच्या ७७५ पासूनच्या सॉकेटला पिना सॉकेटमध्ये असतात, तिथे बोट लावू नका.

सॉकेट जुळलं म्हणजे प्रोसेसर चालेलच असं नाही. ७७५ सॉकेट २००४ मध्ये आलं आणि त्यात पेंटियम ४ पासून कोअर टू क्वाडपर्यंत सगळं बसतं, पण ९४५ चिपसेटच्या बहुतेक बोर्डांवर ई८४०० सारखा नंतरचा प्रोसेसर उठत नाही. एच६१ वर थर्ड जनरेशन लावायचा तर बायोस अपडेट लागू शकतो, आणि तो जुना प्रोसेसर काढायच्या आधी करायचा. बोर्ड कंपनीच्या साइटवर प्रोसेसरची यादी असते, ती बघितल्याशिवाय पैसे घालू नका.

हार्डडिस्क हलवताना

डेटा महत्त्वाचा असेल तर बाकी काही करायच्या आधी डिस्कची नक्कल करा, त्यासाठीचं क्लोनझिला हे सॉफ्टवेअर फुकट आहे. भावाच्या त्या एक्सपीच्या डिस्कच्या दोन नकला करून एक घरी ठेवली. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये रीअलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टर (म्हणजे खराब झालेल्या किंवा संशयित जागा) शून्याच्या वर दिसले तर त्या डिस्कवर विसंबू नका.

आयडीई डिस्क असेल तर जंपर (डिस्कच्या मागच्या पिनांवरची छोटी टोपी) बघा: एका केबलवर दोन असतील तर एक मास्टर एक स्लेव्ह, दोन्ही मास्टर ठेवले तर कधी कधी एकही दिसत नाही. साटा असेल आणि डिस्क मधूनच गायब होत असेल तर आधी केबल बदला, ती अगदी स्वस्तात मिळते आणि दोष तिचाच फार वेळा असतो.

विंडोज असलेली डिस्क दुसऱ्या बोर्डला लावली आणि निळा स्क्रीन, शेवटी ७बी असा कोड, तर घाबरून लगेच फॉरमॅट मारू नका. बायोसमध्ये साटा मोड (बोर्ड डिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलतो ते) एएचसीआय आहे की आयडीई ते बघा, जुन्या बोर्डवर जो होता तो करा. एक्सपीची डिस्क एच६१ वर मी आयडीई मोड करून उठवली होती, नुसतं बघायला. विंडोज १० बऱ्याचदा स्वतःच सावरून घेतं, ॲक्टिव्हेशन मात्र जाऊ शकतं.

एच६१ मध्ये मी २४० जीबीची एसएसडी आणि ८ जीबी रॅम घातली. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ या मशीनला अधिकृतपणे चालत नाही, म्हणून त्यावर लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम, एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपवाली. त्यात युनिकोड मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डने मस्त टाइप होतं, पण जुन्या फॉन्टमधल्या फायली तिथे उघडून अगम्य अक्षरं दिसतात, त्यामुळे भावाचा एक्सपीवाला पीसी तसाच ठेवला, फक्त त्याचं इंटरनेट काढून टाकलं. दुसऱ्या जी३१ मधली रॅम, चालू बोर्ड आणि प्रोसेसर त्याच्यासाठी राखीव, कारण तोच चिपसेट आहे, आणि उद्या पहिला बोर्ड गेला तर डिस्क उचलून यावर लावता येईल. मागे पॅरलल पोर्ट आहे का तेही बघून घेतलं.

काय विकत घ्यायचं

मल्टीमीटर, पेस्ट, सेल, एक चांगला एसएमपीएस, दोन साटा केबल, बीपचा स्पीकर. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या आसपास यातलं बरंचसं मिळतं. जुना बोर्ड किंवा रॅम घेताना तिथेच लावून दाखवा म्हणायला लाजायचं नाही. गेलेले बोर्ड आणि एसएमपीएस भंगारवाल्याला देऊन तो वायरी जाळत बसेल त्यापेक्षा अधिकृत ई-वेस्ट घेणाऱ्यांकडे द्या.

आणि पीसी चालू झाला की झाकण लगेच लावू नका. एक दिवस उघडाच चालवा, व्हिडिओ लावून ठेवा, मधूनमधून तापमान बघा, संध्याकाळी परत एकदा पिवळी वायर मोजा. काढलेल्या प्रत्येक पार्टवर चिकटपट्टी लावून लिहा: कुठल्या सीपीयूतला, तारीख, चांगला की गेलेला की माहीत नाही. माझ्याकडे खोक्यात "माहीत नाही" लिहिलेल्या दोन काड्या अजून आहेत, त्यांचा मेमटेस्ट या रविवारी.